उत्तर कडेची फुले

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी सुमेधा एकटी वर गेली. नागेशने यादीत वेळ लिहिली, वैमानिकाच्या रकान्यात तिचे नाव लिहिले आणि शेजारच्या रकान्यात, जिथे एरवी शिक्षकाचे नाव येते, तिथे आडवी रेघ मारली. रेघ मारायला पट्टी लागत नाही. त्याने खिशातून पट्टी काढली होती.

शनिवार, ५ सप्टेंबर २०१५. वारा पश्चिमेचा, हलका.

ग्लायडरला खेचून वर नेणारी विंचची तार सुटून छोट्या छत्रीखाली डुलत खाली आली आणि ते बिनइंजिनाचे विमान टेकडीच्या वर मोकळे झाले. अलोइस ब्रांडलने रेडिओ छातीशी धरला होता. तो सत्तरीचा होता आणि क्लबचा सर्वांत जुना शिक्षक होता. त्याने रेडिओवर एक शब्दही उच्चारला नाही. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा गेला की गप्प राहायचे, हा त्याचा नियम होता.

"वळणात नाक बघ," तो नागेशला म्हणाला. "दोरीवर ठेवल्यासारखं."

"बघतोय."

"तू यादी बघतोयस."

नागेशने मान वर केली. पांढरे पंख सूर्याच्या बाजूला झुकले होते.

"बुडाला वारा कळतो हिच्या," अलोइस म्हणाला. "शिकवून येत नाही ते. शंभरात दोघांना असतं."

पाच वर्षांत हे वाक्य त्याने नागेशसमोर तीनदा उच्चारले होते. तिन्ही वेळा दुसऱ्या कुणाबद्दल.

हिर्शलोहेची धावपट्टी म्हणजे जर्मनीतल्या न्युरेम्बर्गपासून तासाभराच्या अंतरावरच्या टेकडीवर सहाशे ऐंशी मीटर गवत. मनोरा नाही, डांबर नाही. ग्लायडर ठेवायचे पत्र्याचे एक हँगर, कचेरी म्हणून वापरायचे एक जुने कॅराव्हान आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी. अशा तीन पट्ट्या गेल्या बारा वर्षांत आसपास बंद झाल्या होत्या. एकीवर सौर पॅनेल लागले, एकीवर घरे आली, तिसरीचे गवत कापायला माणूस उरला नाही. हिर्शलोहे टिकली ती एका फुलामुळे.

२०१२ च्या उन्हाळ्यात सुमेधाला ते दिसले होते. तेव्हा ती इथे नुसती नवऱ्याच्या, नागेशच्या, सोबतीला यायची, कारण रविवारी फ्लॅटमध्ये एकटे बसण्यापेक्षा ते बरे. कॉफीचा थर्मास आणि पोह्यांचा डबा घेऊन ती कडेला बसायची, कंटाळा आला की फिरायची. साताऱ्याच्या कॉलेजात सहा वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई; उत्तरेच्या कडेला ती चालता चालता थांबली आणि गुडघ्यांवर बसली.

"नागेश, इकडे ये. आपल्या उंटकटाऱ्याचा लांबचा भाऊ बघ."

काटेरी पानांचे चक्र जमिनीला चिकटलेले होते आणि मधोमध, देठाशिवाय, तळहाताएवढे रुपेरी फूल होते. झिल्बरडिस्टल, म्हणजे रुपेरी काटा. तोडायला कायद्याने बंदी असलेले. याला चुनखडीची निकस जमीन आणि आखूड गवत लागते, पूर्वी मेंढ्या चरायच्या तिथे ते वाढायचे, मेंढ्या गेल्या तिथे तेही गेले, असे तिने सांगितले. इथे मेंढ्यांचे काम क्लबचे गवत कापायचे यंत्र करत होते. तिने इंग्रजीत चार पाने लिहिली. नागेशने ती जर्मनमध्ये आणली आणि दोघांत क्लबचा सभासद तोच असल्यामुळे त्याच्याच नावाने जिल्ह्याच्या निसर्गसंरक्षण कचेरीत दिली. टेकडीवरचे उड्डाण बंद करायला निघालेल्या कचेरीने अट घातली: उत्तर कडेला दरवर्षी निदान चाळीस फुले दिसली पाहिजेत. तोवर पट्टी राहील. एकोणचाळीस झाली, तर २०१५ अखेर संपणारा जागेचा करार पुन्हा होणार नाही.

क्लबात त्यांना 'नागेशची फुले' म्हणू लागले. सुमेधाने ते ऐकले तेव्हा ती हसली होती. त्यावर ती काही बोलल्याचे नागेशला आठवत नव्हते.

२०१२ च्याच नोव्हेंबरात वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरने नागेशला फिरत्या खुर्चीत बसवले, खुर्ची थांबवली, त्याचे डोळे पाहिले आणि लिहिले की आतल्या कानाचा जुना दोष आहे, चक्कर येऊ शकते, एकट्याने उडू नये. मागे शिक्षक बसवून हवे तितके उडावे. तोपर्यंत त्याची शिक्षकासोबतची दोनशे बारा उड्डाणे झाली होती. त्याने क्लब सोडला नाही. गवत कापणे, यादी लिहिणे, कचेरीचा पत्रव्यवहार ही कामे त्याच्याकडे आली. नागेश दाबके नसता तर ही जागा नसती, असे लोक म्हणायचे. तो नको म्हणायचा नाही.

सुमेधाने २०१४ च्या वसंतात सुरुवात केली, तीही एका शनिवारी कुणी आले नाही आणि पुढचे आसन रिकामे होते म्हणून. आज तिचे चौसष्टावे उड्डाण होते.

ग्लायडर टेकले, एकदाच, उडी न मारता. टाळ्या वाजल्या. नागेशने उतरण्याची वेळ लिहिली: अकरा एकावन्न.

एकट्याची उड्डाणे तीन करायची असतात. दुसऱ्यासाठी ग्लायडर मागे ढकलत नेताना अलोइस म्हणाला, "गुच्छ कोण करतंय?"

"नवरा," दोघेतिघे एकदम म्हणाले.

ती इथली रीत होती. तिसरे उड्डाण झाले की नव्या वैमानिकाला सगळ्यांनी बुडावर एकेक चापट मारायची, म्हणजे बुडाला वारा कळू लागतो. आणि मग मैदानावरच उपटलेल्या काट्यांचा, खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या पानांचा गुच्छ हातात द्यायचा. तो उघड्या हातांनी घ्यायचा. नागेश अशा अकरा रांगांमध्ये उभा राहिला होता.

त्याने यादी अलोइसच्या बायकोकडे, आनेलीजेकडे दिली, कॅराव्हानमधून हातमोजे आणि सुरी घेतली.

"छान कर हं," आनेलीजे म्हणाली. "रडली पाहिजे ती."

दक्षिणेच्या चरात जांभळे काटे भरपूर होते. साधे काटे, कुणीही तोडावेत असे. त्याने आठदहा कापले, झोंबणारी पाने कापली, दोरीने बांधली. काम झाले होते. मग तो पट्टी ओलांडून उत्तरेच्या कडेला गेला.

तिथे प्रत्येक फुलाशेजारी एक बांबूची काडी होती. पनीर भाजायच्या काड्या, टोकाला लाल लोकरीची गाठ. त्याने स्वतः खोचलेल्या. यंदाच्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ झालाच नव्हता. गुरुवारी संध्याकाळी त्याने मोजणी केली, घरी येऊन जेवताना आकडा सांगितला.

"एक्केचाळीस."

"मागच्या वर्षी पंचावन्न होती," सुमेधा म्हणाली होती. "काठावर आलो रे."

सोमवारी दहाला कचेरीच्या बाई पडताळणीला येणार होत्या.

विंचचा आवाज वाढला. तार ताणली गेली. बारा वाजून सहा मिनिटे झाली असतील. यादी त्याच्याकडे नव्हती. तो पट्टीच्या पार टोकाच्या झुडपांपाशी, शेवटच्या काड्यांजवळ गुडघ्यावर बसला. ग्लायडरची सावली गवतावरून सरकत आली, त्याच्या मोज्यांवरून, सुरीवरून गेली आणि पुढे दरीत उतरली. त्याने वर पाहिले नाही.

एक फूल कापले असते तर चाळीस उरली असती. त्याने दोन कापली.

तिसरे उड्डाण बारा एकतीसला सुरू झाले आणि आठ मिनिटांत संपले. सुमेधा कॉकपिटमधून उतरली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि ती नुसती हसत होती, कुणाकडेही न पाहता, जसे माणूस न्हाणीघरात एकटा असताना हसतो. नागेशने तिला असे हसताना पाहिले नव्हते. किंवा पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते.

"वाकायचं!" अलोइस ओरडला. "पंखाला धर. आणि पहिला मान नवऱ्याचा."

एकोणीस जणांची रांग लागली. सुमेधाने पंखाची कड धरली, मागे वळून पाहिले. "आईंना कळलं ना हे," ती मराठीत म्हणाली, "तर मला सातारला पाऊल ठेवू देणार नाहीत."

नागेशने चापट मारली. आवाज मोठा झाला. रांगेतून "ओहो" असा एकच सूर निघाला आणि लोक हसले.

सुमेधा हसली नाही. "लागलं," ती म्हणाली.

"लागायलाच पाहिजे. रीत आहे."

बाकीच्या अठरा चापटा हलक्या होत्या. आनेलीजेने तर कपडे झटकल्यासारखा हात फिरवला. मग नागेशने पाठीमागे धरलेला गुच्छ पुढे केला. सुमेधाने दोन्ही हातांनी घेतला, "आई गं" म्हणाली, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तिने फुलांचा वास घ्यायला म्हणून मान खाली घातली.

मान वर यायला थोडा वेळ लागला. जांभळ्या काट्यांच्या मधोमध, झोंबणाऱ्या पानांनी झाकलेली, दोन रुपेरी फुले होती.

तिने नागेशकडे पाहिले. तो हातमोजे काढत होता, एकेक बोट सोडवत.

"इकडे बघ, सुमेधा!" आनेलीजेने फोन वर केला. क्लबच्या पानावर हा फोटो त्याच संध्याकाळी लागला. त्यात सुमेधाने गुच्छ उलटा, छातीशी घट्ट धरला आहे. कॅमेऱ्याला फक्त हिरवी पाने आणि जांभळे काटे दिसतात. तिच्या गळ्याखाली लाल पुरळ उठलेले दिसते.

घरी येताना गाडी नागेशने चालवली. ती वाटेत दोनदा बोलली. एकदा म्हणाली की पेट्रोल बघ, आणि एकदा म्हणाली की मागच्या सीटवर कुणी नसलं की ग्लायडर किती हलकं होतं रे, वर जाताना कळतं.

"हो, वजन कमी होतं," तो म्हणाला.

संध्याकाळी गुच्छ बाल्कनीत बादलीत उभा होता. नागेशने पाने बाजूला करून पाहिली. रुपेरी फुले नव्हती. त्याने स्वयंपाकघरातला बिओचा, ओल्या कचऱ्याचा डबा पाहिला, खाली जाऊन तपकिरी पिंपाचे झाकण उचलून पाहिले. तिथेही नव्हती. तो वर आला तेव्हा सुमेधा खिचडीला फोडणी देत होती.

"काही शोधतोयस?"

"नाही."

"मग पापड भाज."

रविवारी सकाळी सातला तिने गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

"माझी टोपी राहिली तिकडे. घेऊन येते."

"जायला तास, यायला तास. टोपीसाठी?"

"लकी टोपी आहे आता."

ती गेल्यावर नागेश चपला सरकवायला बाहेरच्या खोलीत गेला. टोपी खुंटीला होती. तो खुंटीसमोर काही वेळ उभा राहिला. मग चपला नीट लावल्या.

साडेदहाला ती परत आली. जीन्सच्या गुडघ्यांवर चुनखडीचे पांढरे गोल होते. तिने जीन्स सरळ मशीनमध्ये टाकली. टोपीचे नाव तिने काढले नाही, त्यानेही काढले नाही.

अकराला नागेशच्या आईचा, मालिनीबाईंचा स्काइपवर फोन आला. सातारला तेव्हा अडीच वाजले होते आणि मागे पंखा फिरत होता.

"अगं सुमेधा, फोटो बघितला हो! हे काय हातात, काटे? नवी नवरी असल्यासारखी उभी आहेस आणि हातात काटे!"

"अहो आई, पद्धत आहे इथली."

"कसली मेली पद्धत. आणि एकटीला सोडलं वर? खाली कुणी बघत तरी होतं का?"

"नागेश होता ना."

मालिनीबाई मुलाकडे वळल्या. "नागू, मग तुझं कधी रे? पाच वर्षं ऐकतेय मी, नागू विमान शिकतो, नागू विमान शिकतो. वासुदेवकाकांना सांगून बसलेय. आता काय सांगू, सून शिकली म्हणून?"

"आई, माझं कानाचं आहे. सांगितलंय तुला."

"कानाचं काय घेऊन बसलास! तुझ्या बाबांना शेवटी दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, स्कूटर चालवायचेच की ते."

"ऐकू न येण्याचं नाही गं. तोल जातो."

"तोल?" मालिनीबाईंनी चष्मा वर केला. "लहानपणापासून इतका सरळ चालणारा मुलगा तू. तोल तो कसला जातो?"

सुमेधा उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला.

"जातो," नागेश म्हणाला.

सोमवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मागची तीन वर्षे पडताळणीला तो एकटा जात असे. या वेळी तो निघाला तेव्हा सुमेधा जॅकेट घालून दारात उभी होती.

"तू कशाला?"

"का? मला बघायचीत 'नागेशची फुलं'."

कचेरीच्या बाई, फ्राऊ केसलर, दहाला पाच मिनिटे असताना आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या, हातात बोटाने दाबायचे मोजणीचे छोटे यंत्र. हवा कुंद झाली होती. पश्चिमेकडून ढग खाली उतरले होते.

"पाऊस येणार," त्या म्हणाल्या. "आल्झो, चला, फुलं मिटायच्या आत मोजू या."

त्या काडीमागून काडी चालू लागल्या. प्रत्येक फुलापाशी थांबायच्या, यंत्र दाबायच्या, टक् असा आवाज यायचा. नागेश दोन पावले मागे होता. त्याच्यामागे सुमेधा. वीस झाली, तीस झाली. पस्तिसाव्यापासून नागेश मनात पुढचा आकडा आधी म्हणू लागला. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. पुढे, झुडपांपाशी, दोन काड्या होत्या. नुसत्या काड्या असायला हव्या होत्या.

टक्.

टक्.

"एक्केचाळीस," फ्राऊ केसलर म्हणाल्या. "तुमची गुरुवारची मोजणी किती?"

 नागेश शेवटच्या काडीपाशी खाली वाकला होता. काटेरी पानांच्या चक्रात रुपेरी फूल जिथल्या तिथे बसले होते. त्याने पान बोटाने किंचित सरकवले. फुलाच्या बुडातून, खालच्या कापलेल्या थोटकात, दात कोरायची काडी खोचली होती. घरी डायनिंग टेबलावरच्या डबीत असतात तसली, दोन्ही टोकांना धार असलेली.

"तेवढीच," मागून सुमेधा म्हणाली. "एक्केचाळीस."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ केसलर म्हणाल्या.

पहिले थेंब पडले. नागेश तसाच बसून राहिला. हवेत दमटपणा आला की या फुलांच्या रुपेरी पाकळ्या आत वळतात, हे त्याला ठाऊक होते; तीन वर्षांपूर्वी त्यानेच ते कचेरीच्या पत्रात लिहिले होते, सुमेधाच्या पानांवरून. शेजारची फुले हळूहळू मिटू लागली. मग ही दोन्हीही मिटू लागली. बाकीच्यांच्या बरोबरीने, तितक्याच सावकाश.

"गंमत आहे ना," फ्राऊ केसलर त्याच्या शेजारी येऊन म्हणाल्या. "माझ्या आजीने गोठ्याच्या दारावर एक खिळ्याने ठोकलं होतं. अकरा वर्षं. पाऊस यायचा असला की मिटायचं, ऊन पडलं की उघडायचं. मेलेलं होतं हो, पार वाळलेलं! पण शेवटपर्यंत हवा बरोबर सांगितली त्याने."

"असं," नागेश म्हणाला आणि उभा राहिला. उठताना त्याचा झोक गेला. सुमेधाने कोपर धरले आणि लगेच सोडले.

ते तिघे कॅराव्हानमध्ये गेले. फ्राऊ केसलरनी फॉर्म टेबलावर ठेवला. एकच पान होते. वर जागेचे नाव, तारीख, मग दोन रिकामे रकाने: फुलांची संख्या, आणि मोजणी करणाऱ्याचे नाव. खाली सही. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

नागेशने पेनाचे टोपण काढले.

तो टर्बाइनच्या पात्यांची मापे तपासणारा माणूस होता. अकरा वर्षांच्या नोकरीत त्याने एकही आकडा बदलला नव्हता. एकदा वरिष्ठांनी सांगूनही बदलला नव्हता, ही गोष्ट ऑफिसात अजून सांगत. एकोणचाळीस लिहिले असते तर ते खरे होते. कुणी त्याला दोष दिला नसता. डिसेंबरात पट्टी बंद झाली असती. यादी लिहायला लागली नसती, रेघ मारायला लागली नसती.

सुमेधा खिडकीपाशी उभी होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती ढग पाहत होती, जसे अलोइस पाहतो तसे, तळ किती उंचीवर आहे ते.

त्याने एक्केचाळीस लिहिले. मग पुढच्या रकान्यात, जिथे तीन वर्षे स्वतःचे नाव लिहिले होते, तिथे अक्षरे नीट सुटी सुटी काढत 'सुमेधा दाबके' लिहिले आणि पान फिरवून फ्राऊ केसलरपुढे सरकवले.

"यंदा नाव वेगळं?"

"फुलं तिनेच शोधली. पहिल्यापासून. ती वनस्पतिशास्त्राची आहे."

"खरंच?" फ्राऊ केसलर सुमेधाकडे वळल्या. त्यांचा चेहरा उजळला. "आणि हे कुणी सांगितलं कसं नाही? मग सही तुमचीच लागेल."

नागेशने पेन पुढे केले. सुमेधाने आधी पान वाचले. आकडा वाचला, नाव वाचले. मग पेनाकडे पाहिले, पेन धरलेल्या हाताकडे पाहिले.

"हे मला देतोयस," ती मराठीत म्हणाली, "की माझ्यावर टाकतोयस?"

त्याने पेन धरलेला हात तसाच पुढे ठेवला.

"एक का नाही कापलंस, नागेश?" तिचा आवाज खाली होता, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा. "एक कापलं असतंस तर मी समजले असते, गुच्छ सुंदर व्हावा म्हणून कापलंस. घरी नेऊन ठेवलं असतं मी ते. दोन का?"

पाऊस वाढला. फ्राऊ केसलरनी दोघांकडे पाहिले. "सगळं ठीक?"

"हो, हो," सुमेधा त्यांना जर्मनमध्ये म्हणाली. "हा विचारतोय की शनिवारी हवा कशी असेल."

तिने पेन घेतले. आपल्या नावापुढे तिने 'आणि' अशा अर्थाचा छोटा जर्मन शब्द लिहिला, त्यापुढे नागेशचे पूर्ण नाव लिहिले. मग सही केली आणि पेन त्याच्या हातात परत दिले.

"तुझी पण."

त्याने सही केली. दोन सह्या जेमतेम मावल्या.

निघताना फ्राऊ केसलर दारात थांबल्या. पावसाचा अंदाज घेत त्यांनी टोपी चढवली. "हो, एक राहिलं. यंदापासून नवीन नियम आहे. ऑक्टोबरात बी तपासायला परत यायचंय. काही नाही, प्रत्येक फूल हाताने थोडं हलवून बघायचं, बी धरलंय का ते. सोमवार, बारा तारीख, दहा वाजता. चालेल ना?"

"चालेल," नागेश आणि सुमेधा एकदम म्हणाले.

घरी आल्यावर सुमेधाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १२ ऑक्टोबरला गोल केला. गोलात काही लिहिले नाही. त्या आठवड्यात दोघांत दूध, विम्याचे पत्र आणि सुमेधाच्या भावाच्या साखरपुड्याची तिकिटे या विषयांवर बोलणे झाले. डायनिंग टेबलावरची काड्यांची डबी नागेशने उचलून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलावर होती.

शनिवारी, १२ सप्टेंबरला, सुमेधा तीन वेळा एकटी वर गेली. १९ तारखेला चार वेळा. त्यातल्या शेवटच्या उड्डाणात तिला गरम हवेचा झोत सापडला आणि ती एक तास नऊ मिनिटे खाली आली नाही. अलोइस खुर्ची टाकून बसला होता. "सांगितलं होतं ना," तो म्हणाला. नागेश उभाच होता. या वेळी तो वर बघत होता, हाताचा आडोसा करून, मान दुखेपर्यंत. ढगाच्या कडेला एक पांढरा ठिपका वळत होता. दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा.

या दोन शनिवारांच्या यादीतल्या तिच्या सातही ओळींत दुसऱ्या आसनाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. पहिल्या सहा पट्टीने मारलेल्या आहेत.

कराराबद्दल कचेरीचे पत्र २० सप्टेंबरपर्यंत आलेले नव्हते. त्या रविवारी पहिले उड्डाण सुरू होण्याआधी नागेश पट्टी ओलांडून उत्तरेच्या कडेला गेला आणि टोकापर्यंत मोजत चालला. हवा कोरडी होती. एक्केचाळीस उघडी होती.